आपल्यावरून जग

‘आपल्यावरून जग ओळखावं’ हे वाक्य सल्ला म्हणूनही वापरतात आणि टोमणा म्हणूनही. आपल्यावरून इतरांचा अंदाज बांधणं शहाणपण की चूक, हा मानसशास्त्रातला वादही नेमका याच दोन अर्थांमधला आहे.

तत्त्वज्ञ ॲडम स्मिथने १७५९ मध्येच लिहून ठेवलं होतं, की तुझी नजर मी माझ्या नजरेने जोखतो, तुझी बुद्धी माझ्या बुद्धीने. दुसरं माप माझ्यापाशी नाही. यात त्याला काही वावगं वाटलं नाही. पुढे फ्रॉइडने त्याला दुखण्याचं रूप दिलं. स्वतःतलं जे सोसवत नाही ते माणूस दुसऱ्याच्या माथी मारतो, हे त्याचं ‘प्रक्षेपण’. १९३१ मध्ये कॅट्झ आणि ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञांना आढळलं, की कॉपी केल्याचं कबूल करणाऱ्या विद्यार्थ्यांना कॉपी करणारे इतरही जास्तच वाटत होते.

मात्र विषय गाजला तो १९७७ मध्ये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं: पुढे-मागे पाटी लटकवून अर्धा तास कॅम्पसमध्ये हिंडशील? पाटीवर कुणा ‘जो’कडे जेवायला या, अशी जाहिरात. ‘हो’ म्हणणाऱ्यांचा अंदाज, ६२ टक्के लोक तयार होतील. ‘नाही’ म्हणणाऱ्यांचा अंदाज, ६७ टक्के नकार देतील. मला यातलं पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं: आपल्या उलट वागणाऱ्याच्या स्वभावाबद्दल दोन्ही गट जास्त ठाम होते. म्हणजे मी नाही म्हटलं ते साहजिक, तो हो म्हणाला म्हणजे नक्कीच विचित्र.

१९८९ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉस यांनी याला चूक म्हणण्यावरच आक्षेप घेतला. इतरांची काहीच माहिती नसेल, तर स्वतःचं उत्तर हाही एक पुरावाच की! शितावरून भाताची परीक्षा; फक्त शीत आपण स्वतः. आक्षेप बिनतोड होता, पण तेवढ्याने भागलं नाही. १९९२ मध्ये डनिंग आणि कोहेन यांनी दाखवलं, की शब्दांचे अर्थही आपण आपल्या सोयीने लावतो. पाच मिनिटं आधी पोचणाऱ्याच्या लेखी वेळेवर आलेलाही उशिराच आलेला असतो.

१९९४ मध्ये क्रूगर आणि क्लेमंट यांनी डॉस यांचाच मुद्दा तपासला. लोकांना इतरांची उत्तरं दाखवली, ही चूक कशी होते तेही समजावलं. तरी अंदाज करताना स्वतःच्या एका शिताचं वजन त्यांच्या हातून कमी झालं नाही.