‘नैसर्गिक’ गोळी आणि बदललेली किडनी

मेनोपॉजच्या औषधांच्या जाहिरातीत हल्ली एक ओळ हमखास असते: ‘हार्मोन नाहीत, पूर्ण नैसर्गिक, दुष्परिणाम शून्य.’ किडनी, यकृत किंवा हृदयाचं प्रत्यारोपण झालेल्या बाईने ही ओळ दिसली की सावध व्हावं. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेली हार्मोनची पट्टी तिला बऱ्याचदा चालते. ‘नैसर्गिक’ गोळीमुळे मात्र मिळालेला अवयव गमवायची वेळ येऊ शकते.

याचं कारण सीवायपी-3ए4 हे विकर, म्हणजे एन्झाइम. आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात बसून ते बाहेरून आलेली रसायनं मोडतं. याला जकात नाका समजा. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारणं, टाळण्यासाठी घेतलेलं टॅक्रोलिमस हे औषध या नाक्यावर इतकं कापलं जातं की सरासरी जेमतेम चौथा हिस्सा रक्तात पोहोचतो. डोस ठरतो तो ही गळती धरूनच, आणि म्हणून ‘लेव्हल’ पुन्हापुन्हा तपासतात. नाका बंद पडला, तर लेव्हल चढते आणि टॅक्रोलिमसच किडनीला इजा करतं. नाका कडक झाला, तर लेव्हल घसरते आणि रिजेक्शनचा धोका वाढतो.

नाका बंद कसा पडतो, ते योगायोगानेच कळलं. कॅनडातले डेव्हिड बेली दारू आणि फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाचा एकत्रित परिणाम तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. हे 1989 मध्ये प्रसिद्ध झालं. या फळातली फ्युरानोकौमारिनं आतड्यातलं विकर कायमचं निकामी करतात. नवं तयार व्हायला दोन-तीन दिवसही लागतात. त्यामुळे सकाळी रस, रात्री गोळी ही युक्ती उपयोगाची नाही. आपलं पपनसही त्याच घराण्यातलं, तेही टाळायचं.

उलटा प्रकार सेंट जॉन्स वर्टचा. उदासीवर आणि मेनोपॉजच्या तक्रारींवर ही वनस्पती विकली जाते. तिच्यातलं हायपरफोरिन पेशीतल्या पीएक्सआर या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, ग्राही सीवायपी-3ए4 चं जनुक जोरात चालू करते, विकर वाढतं आणि औषध भराभर मोडलं जातं. हृदय बदललेल्या दोन रुग्णांमध्ये यामुळे सायक्लोस्पोरिन या रिजेक्शन टाळणाऱ्याच दुसऱ्या औषधाची लेव्हल घसरून रिजेक्शन झाल्याचं झ्युरिकच्या डॉक्टरांनी 2000 मध्ये नोंदवलं.

आपल्याकडचे ‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे हा आणखी वेगळा वैताग. प्रत्यारोपणानंतरचे मुख्य उपचार इम्युनिटी दाबण्यासाठी असतात. दावा खोटा असेल तर पैसे गेले, खरा असेल तर किडनी जायची. गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये मांडलं होतं.

मग अंगातून वाफा येतात त्याचं काय? इस्ट्रोजेनची गोळी पोटातून आधी यकृतात जाते, तिथे रक्त गोठवणारी प्रथिनं वाढवते आणि सायक्लोस्पोरिनची लेव्हलही चढवू शकते. त्वचेवरची पट्टी किंवा जेल हा फेरा चुकवतं. गर्भाशय असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर सहसा हा मार्ग बंद. नुसता योनीचा कोरडेपणा असेल तर कमी मात्रेचं स्थानिक क्रीम बहुतेकदा पुरतं. हाडांना इम्युनिटी दाबणारं स्टेरॉइड आणि इस्ट्रोजेनची घट असा दुहेरी मार बसतो, तेव्हा हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लांबणीवर टाकू नये.

डायलिसिसवर असताना पाळी थांबली म्हणजे ती कायमची गेली, असंही धरू नये. नवी किडनी चालू लागली की काही महिन्यांत बीजोत्पत्ती परत सुरू होऊ शकते आणि मायकोफेनोलेट हे इम्युनिटी दाबणारं औषध गर्भाला घातक आहे, म्हणून गर्भनिरोधन डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचं नाही.

आणि रात्रीचा घाम. पंचेचाळिशीतल्या बाईला घाम आला की घरातले सगळे म्हणतात, वयाचं आहे. पण इम्युनिटी दाबलेली असताना रोज रात्री कपडे भिजत असतील, वजन उतरत असेल किंवा बारीक ताप असेल, तर आधी टीबी आणि सायटोमेगॅलो विषाणूची तपासणी, मग हार्मोनचा विचार.