ही गोळी कोणत्या बंदुकीतली?

गोळीबाराच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: घटनास्थळावरून पुंगळ्या जप्त, बॅलिस्टिक अहवाल येणं बाकी. पुंगळी म्हणजे गोळी सुटल्यावर उरणारं काडतुसाचं रिकामं कवच, आणि बॅलिस्टिक अहवाल म्हणजे हत्यार, गोळ्या आणि पुंगळ्यांच्या तपासणीचा अहवाल. त्या अहवालाला काही नेमक्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. हत्यार चालू स्थितीत आहे का, गोळी कोणत्या जातीच्या हत्यारातून सुटली, किती अंतरावरून झाडली, आणि ती समोर ठेवलेल्या याच हत्यारातून सुटली का. शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. या शास्त्राचा बराचसा इतिहास त्याचाच आहे.

पहिली नोंद १८३५ सालची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची. दरोडेखोरांनी आपल्यावर गोळी झाडली, असं एका घरातला बटलर सांगत होता. लंडनच्या बो स्ट्रीट या गुन्हे शोधणाऱ्या पथकातले हेन्री गोडार्ड यांनी पलंगात रुतलेली गोळी आणि बटलरच्या स्वतःच्या गोळ्या शेजारी ठेवल्या. सगळ्यांवर एकाच जागी बारीक उंचवटा होता. शिसं ओतायच्या साच्यात नेमका तेवढाच खळगा सापडला. दरोडा बनावट होता. त्या काळी प्रत्येक जण आपल्या साच्यात गोळ्या पाडत असे, म्हणून हे जमलं. कारखान्यात काडतुसं बनू लागली आणि साच्याची खूण संपली.

तिच्या जागी नळीची खूण आली. रायफल, पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते आणि जाताना त्या खाचांचा ठसा अंगावर घेते. खाचा किती, किती रुंद, पीळ डावा की उजवा, यावरून हत्याराची जात कळते. जुन्या कोल्टला सहा खाचा आणि डावा पीळ, स्मिथ अँड वेसनला पाच आणि उजवा. फ्रान्समधल्या लियाँ इथे अलेक्झांडर लाकासान्य यांनी १८८९ मध्ये गोळीवरच्या सात खाचा मोजून त्या संशयिताच्या हत्याराशी जुळवल्या होत्या. पण सात खाचांची बंदूक एकाच माणसाकडे असते असं नाही. जात जुळली म्हणजे हत्यार जुळलं, असं मानणं ही इथली सर्वांत जुनी चूक.

पडताळणीशिवाय ‘हत्यार जुळलं’ म्हणणं एका माणसाच्या जिवावर बेतलं. न्यूयॉर्क राज्यात १९१५ मध्ये दुहेरी खून झाला आणि चार्ल्स स्टीलो या शेतमजुरावर आरोप आला. त्याच्याकडे .२२ चं रिव्हॉल्व्हर होतं. अल्बर्ट हॅमिल्टन नावाच्या ‘तज्ज्ञा’ने साक्ष दिली, की नळीच्या तोंडाशी नऊ ओरखडे आहेत आणि तेच गोळ्यांवर दिसतात. मृत्युदंडाची शिक्षा झाली. पुढे सरकारी तपासनीस चार्ल्स वेट आणि भिंगतज्ज्ञ मॅक्स पोझर यांनी गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा ते नऊ ओरखडे कुठेच दिसेनात. उलट मारेकरी गोळ्यांवर सदोष नळीची खूण होती आणि स्टीलोच्या नळीत तो दोष नव्हता. १९१८ मध्ये त्याची सुटका झाली. हाच हॅमिल्टन १९२३ मध्ये साको आणि व्हॅन्झेटी या दोन इटालियन स्थलांतरितांच्या खून खटल्यात न्यायाधीशांसमोर पिस्तुलं सुटी करून नळ्यांची अदलाबदल करताना पकडला गेला. पदवी नाही, पडताळणी नाही, तरी कोर्ट ऐकून घेत होतं. वेट यांनी पुढची वर्षं देशोदेशीच्या कारखान्यांतून नळ्यांची मापं गोळा करण्यात घालवली, त्यामागे हा अनुभव होता.

१९२५ मध्ये वेट, कॅल्विन गोडार्ड, फिलिप ग्रॅव्हेल आणि जॉन फिशर यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र संस्था काढली. ग्रॅव्हेल यांनी दोन सूक्ष्मदर्शक एका प्रकाशीय पुलाने जोडले. एका नेत्रिकेत अर्ध्या भागात मारेकरी गोळी, अर्ध्या भागात चाचणीची, मधे बारीक रेघ. गोळी हळूहळू फिरवायची आणि एका बाजूचे चरे रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूला सलग जातात का ते पाहायचं. तोवर एक गोळी पाहून डोक्यात ठेवायची, मग दुसरी पाहायची, अशी पद्धत होती. आजही प्रत्येक बॅलिस्टिक विभागात हेच यंत्र असतं, फक्त कॅमेरा आणि पडदा जोडलेला.

आपल्याकडे मात्र गोळीपेक्षा पुंगळीला जास्त महत्त्व आलं, आणि त्याचं कारण गावठी कट्टा. त्याची नळी बहुधा साध्या पाइपाची, आतून गुळगुळीत, गोळीपेक्षा थोडी सैल. खाचाच नाहीत, तर ठसा कुठून येणार? पुंगळीवर मात्र तीन ठिकाणी खुणा उमटतात: काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या फायरिंग पिनचा खड्डा, पुंगळी मागे जोरात आदळते त्या ब्रीच फेसच्या रेघा, आणि काडतूस बसतं त्या चेंबरच्या भिंतीचे चरे. कट्ट्याची पिन कानशीने हाताने घासलेली असते, त्यामुळे तिचं टोक प्रत्येक कट्ट्यात वेगळं. पुंगळीच्या खुणेवर माणूस दोषी ठरला असा गाजलेला इंग्रजी खटला १९२७ मधल्या गटरिज नावाच्या पोलिसाच्या खुनाचा. त्यात ब्रीच फेसची खूण वेब्ली बनावटीच्या दुसऱ्या कुठल्या रिव्हॉल्व्हरमध्ये सापडते का, हे पाहण्यासाठी हजाराहून अधिक रिव्हॉल्व्हर तपासली गेली.

भारतात १९३० मध्ये कलकत्त्यात शस्त्रतज्ज्ञ नेमून छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. १९५८ च्या निकालसंग्रहात छापलेला कालुआ विरुद्ध उत्तर प्रदेश हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कट्ट्यासाठी पायाभूत ठरला. मृताच्या खाटेजवळ पुंगळी मिळाली होती. तज्ज्ञाने जप्त पिस्तुलातून चार चाचणी काडतुसं उडवली आणि पिन, ब्रीच फेस, चेंबर या तिन्हींच्या खुणा जुळवल्या. न्यायालयाने ते मत मान्य केलं.

अंतराचा प्रश्न मुंबईने नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या १९५९ च्या खून खटल्यात ऐकला. सरकारी तज्ज्ञाचं मत होतं, की मृताच्या छातीवरची गोळी चार ते सहा इंचांच्या आतून आणि डोक्यावरची अठरा इंचांच्या आतून सुटली. झटापटीत गोळ्या सुटल्या, या बचावाची पारख करताना हे आकडे महत्त्वाचे होते. असं अंतर ठरवायला तेच हत्यार आणि त्याच बनावटीची काडतुसं घेऊन कापडावर वेगवेगळ्या अंतरांवरून गोळ्या झाडतात आणि काजळी व न जळलेल्या दारूचे ठिपके ताडून पाहतात. काडतूस बदललं की आकडा बदलतो.

हातावरच्या अवशेषांची वाट जास्त वाकडी. १९३३ च्या सुमारास मेक्सिकोतून आलेली मेणाची चाचणी नायट्रेट दाखवायची. पण खत, तंबाखू, लघवी यांतूनही ती होकारार्थी येई, म्हणून ती मागे पडली. आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शिसं, बेरियम आणि अँटिमनी हे तिन्ही एकाच कणात आहेत का ते पाहतात. जिवंत माणसाच्या हातावर हे कण काही तासच टिकतात आणि हात धुतले की बहुतेक जातात. नमुना दुसऱ्या दिवशी घेतला, तर अहवाल नकारार्थी येण्यात नवल नाही.

खरं नुकसान बहुधा प्रयोगशाळेच्या आधी होतं. भिंतीतली गोळी स्क्रूड्रायव्हरने उकरली की नवे चरे पडतात. त्याऐवजी आजूबाजूचं प्लास्टर फोडून तिला मोकळी करायची आणि रबर चढवलेल्या चिमट्याने उचलायची. नळीत पेन्सिल घालून हत्यार उचलायचं नाही. रक्ताळलेली गोळी ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत सील केली की पृष्ठभाग गंजतो. वाळवून, कापसात, प्रत्येक पुंगळी वेगळ्या डबीत ठेवायची. एका पाकिटात पाच पुंगळ्या टाकल्या की त्या एकमेकींवर घासतात. पंचनाम्यात पाच आणि पाकिटात चार निघाल्या, तर पुढचं सूक्ष्मदर्शकाचं काम कितीही चोख असो, बचावाचा वकील तिथेच थांबतो.

प्रयोगशाळेत हत्यारातून पाण्याच्या टाकीत किंवा कापसाच्या पेटीत निदान दोन-तीन गोळ्या झाडतात. आधी या चाचणीच्या गोळ्या आणि पुंगळ्याच एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. त्याच जुळत नसतील, आणि कट्ट्यात हे सर्रास घडतं, तर वादातल्या पुंगळीबद्दल बोलायला आधार उरत नाही. दुसरा धोका कारखान्याचा: एकाच कटरने पाठोपाठ घडवलेल्या भागांवर सारखेच चरे उतरतात आणि ते एका हत्याराची खूण वाटू शकतात. अमेरिकेत २००९ च्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या आणि २०१६ च्या राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार मंडळाच्या अहवालांनी नेमकं इथे बोट ठेवलं: किती साम्य ‘पुरेसं’, याचं मोजमाप नाही आणि चुकांचं प्रमाण दाखवणारे नीट आखलेले अभ्यास तेव्हा अपुरे होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तज्ज्ञाच्या मताला आधार देणारं पुरावा कायद्याचं कलम ४५ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ३९ झालं आहे. अहवालात तीनच निष्कर्ष येऊ शकतात: याच हत्यारातून, या हत्यारातून नाही, आणि निश्चित मत देता येत नाही. तिसरा निष्कर्ष वाचून तपास अधिकारी अनेकदा नाराज होतात. स्टीलोच्या खटल्यात प्रामाणिक तज्ज्ञ असता, तर त्याने ‘याच हत्यारातून’ हे शब्द लिहिलेच नसते.