श्वानपैदास, व्यावसायिक : खानदेशातील प्राणिकल्याणाचे प्रश्न

विक्रीच्या हेतूने निवडक नर व मादी कुत्र्यांचा संयोग घडवून पिल्ले मिळवण्याच्या व्यवसायास व्यावसायिक श्वानपैदास म्हणतात. प्रस्तुत नोंदीत जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या संदर्भात या व्यवसायाचा विचार मुख्यतः मादी आणि पिल्लू यांच्या आरोग्याच्या अंगाने केला आहे. जातींची वर्णने, प्रदर्शने व प्रशिक्षण हे विषय घेतलेले नाहीत. जुन्या खानदेशाशी जोडलेले बुऱ्हाणपूर आणि १८६९ पर्यंत खानदेश जिल्ह्यात असलेले मालेगाव यांचा उल्लेख केवळ प्रसंगोपात्त येईल.

तापी खोऱ्यात जातिवंत कुत्रा कोणत्या वाटेने आला, याबाबत दख्खनच्या शिकारी कुत्र्याचा इतिहास नेहमी पुढे केला जातो. कारवान या नावाने ओळखला जाणारा हा लांब पायांचा, सडपातळ कुत्रा पश्चिम आशियातील सालुकीसारख्या कुत्र्यांपासून आला असावा व व्यापारी तांड्यांबरोबर दख्खनमध्ये पसरला असावा, असे एक मत आहे. उत्तर कर्नाटकातील मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थानिक शिकारी जमातींकडील कुत्र्यांतून निवड करून ही जात स्थिर केली, असे दुसरे मत मानते. वास्तविक ही मते परस्परविरोधी नाहीत. पहिले उगमाविषयी बोलते, तर दुसरे जात घडवण्याविषयी. तरीही वाद टिकून आहे, आणि कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थाही एकमताने चालत नाहीत. केनेल क्लब ऑफ इंडिया हा कुत्रा ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून नोंदवतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. भारतीय टपाल खात्याने जानेवारी २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांवर मुधोळ हेच नाव आहे. खानदेश हा सुरत–बुऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी मार्गावरचा प्रदेश. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने या मार्गावरचे टप्पे सांगताना नवापूर, नंदुरबार, थाळनेर व चोपडा ही गावे नोंदवली आहेत. त्यामुळे तांड्यांचा सिद्धान्त खानदेशास लागू करण्याचा मोह होतो. परंतु या कुत्र्याची आजची मुख्य वस्ती मराठवाडा व उत्तर कर्नाटकात आहे. तेव्हा हा धागा फार ताणू नये.

विलायती जातींच्या बाबतीत दोन शक्यता संभवतात. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या खानदेश भिल्ल कोअर या भिल्ल सैनिकांच्या पलटणीच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर शिकारी कुत्री आली असावीत. आउट्रम स्वतः वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. दुसरी शक्यता भुसावळची. १८६० च्या दशकात रेल्वे आल्यावर तेथे वाढलेल्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन व युरोपीय कुटुंबे स्थायिक झाली. छावणीतील कुत्रा अधिकाऱ्याबरोबर बदलून जातो, वसाहतीतला मात्र वितो आणि त्याची पिल्ले शेजारीपाजारी जातात. पैदाशीच्या दृष्टीने म्हणूनच दुसरी शक्यता अधिक ग्राह्य वाटते. अल्सेशियन, पामेरियन, पुढे डॉबरमन आणि लॅब्रेडॉर या जाती शहरांत आणि मळ्यांवर राखणीसाठी स्थिरावल्या. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत दिसलेल्या पगने देशभर जी मागणी निर्माण केली, तिच्यापासून जिल्ह्याची ठिकाणेही दूर राहिली नाहीत. रॉटवायलर, शिह त्झू आणि हस्की हे त्यानंतरचे.

पाश्चात्त्य साहित्यात या विषयाची चर्चा शेकडो माद्या पिंजऱ्यांत ठेवणाऱ्या मोठ्या केंद्रांभोवती फिरते. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात दुसऱ्या महायुद्धानंतर शेतकरी पूरक उत्पन्न म्हणून पिल्लांकडे वळले आणि तेथून ही पद्धत रूढ झाली, असे सामान्यतः मानले जाते. ते चित्र येथे जसेच्या तसे बसवता येत नाही. घराच्या मागच्या अंगणात किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या एक-दोन माद्या, गावातील एखादा नामांकित नर, आणि मोबाइलवर फिरणारे फोटो हे या व्यवसायाचे नेहमीचे रूप होय. मादी माजावर आली की, व्यवसायाच्या भाषेत हीटवर आली की, नराच्या मालकाशी ‘मीटिंग’ ठरते. मोबदला रोख किंवा वेतातले एक पिल्लू असा असतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो आणि चारचौघांत भाव करतो. पिल्लाच्या व्यवहारात मात्र गिऱ्हाईक अनेकदा पिल्लाची आई देखील पाहत नाही. (ती यात्रा एकमुखी दत्ताची, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, हे येथे सहज आठवते.)

मादीला किती वेळा व्यायला लावावे, हा पशुवैद्यकातील खरा वादाचा मुद्दा आहे. कुत्री साधारण सहा ते सात महिन्यांनी माजावर येते व तिचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. इतर पाळीव प्राण्यांहून तिचे वेगळेपण असे, की गर्भ राहो वा न राहो, माजानंतर सुमारे दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण चढेच राहते. अशी आवर्तने जितकी जास्त, तितके गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे गर्भाशयात पू होण्याचा, पायोमेट्राचा, धोका वाढतो. यावरून प्रजननतज्ज्ञांचा एक गट असे मांडतो, की एखादा माज रिकामा सोडल्याने गर्भाशयाला विश्रांती मिळत नाही. निरोगी तरुण मादीची लागोपाठची वेते घ्यावीत आणि पाच-सहा वर्षांच्या आत शस्त्रक्रियेने गर्भाशय काढून तिला निवृत्त करावे, हेच तिच्या हिताचे. दुसरा गट गर्भाशयापेक्षा मादीच्या एकूण शरीराकडे पाहतो. दूध पाजताना कॅल्शियम व वजन झपाट्याने घटते, आणि लहान जातींत त्यातून झटके येऊन मादी दगावू शकते. त्यामुळे दोन वेतांत अंतर हवेच, असे या गटाचे म्हणणे आहे. भारतातील २०१७ च्या श्वानपैदास नियमांनी दुसरी भूमिका स्वीकारली आहे आणि येथील परिस्थितीत तीच सयुक्तिक ठरते. कारण पहिल्या मताला प्रत्येक वेतानंतरची तपासणी, भरपूर आहार आणि वेळेवरची निवृत्ती गृहीत आहे. अंगणातल्या पैदाशीत त्यातला सोयीचा अर्धा भाग, म्हणजे लागोपाठची वेते, तेवढा उचलला जातो. शस्त्रक्रियेचा खर्च मात्र टाळला जातो. वय झालेली मादी मग दुसऱ्या ‘ब्रीडर’कडे स्वस्तात जाते किंवा गावाबाहेर सोडली जाते.

एकाच शहरात ठरावीक नरांवर भिस्त असल्याने सगोत्र संयोग घडतात. बाप-मुलीच्या संयोगातून झालेल्या पिल्लात अंतःप्रजननाचा गुणांक, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, २५ टक्के असतो. एप्रिल २०१६ मध्ये केंद्र सरकारने व्यावसायिक पैदाशीसाठी कुत्र्यांच्या आयातीवर बंदी घातली. प्राणिकल्याणाच्या दृष्टीने ती इष्ट असली, तरी देशातील जनुकीय वैविध्य त्यामुळे आहे तेवढ्यावरच थांबले. लॅब्रेडॉर व अल्सेशियन जातींतील खुब्याच्या सांध्याचा विकार पैदाशीपूर्वी क्ष-किरण तपासणी करून बराच आटोक्यात ठेवता येतो. ‘डबल बोन’ म्हणून जादा भावाने विकले जाणारे जाड हाडाचे पिल्लू या तपासणीतून गेलेले असतेच असे नाही.

पिल्लांच्या बाबतीत सर्वांत मोठा प्रश्न वयाचा आहे. नियमाने आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात तीस ते चाळीस दिवसांचे पिल्लू विकण्याची प्रथा सर्रास आढळते. त्यामागचे अर्थकारण सरळ आहे. पाचव्या आठवड्यापासून आईचे दूध अपुरे पडू लागते, तेव्हा खाद्याचा खर्च सुरू होतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान येते. गुबगुबीत दिसण्याचे वयही तीस-चाळीस दिवसांचेच. शिवाय पार्वो झाला तर तो गिऱ्हाइकाच्या घरी होतो. १९७८ मध्ये जगभर पसरलेल्या या विषाणूचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. त्यामुळे नेताना खेळणारे पिल्लू आठवड्याच्या आत रक्ताची हगवण लागून मरते आणि दोष नव्या मालकाच्या खाऊ घालण्यावर जातो. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. घरोघरी वापरले जाणारे फिनेल त्यावर भरवशाचे नाही. त्यासाठी ब्लीचचे द्रावण लागते. एकाच खोलीत एकामागून एक वेते होत राहिली, तर पुढचे वेत जन्मताच बाधित जागेत येते.

लवकर तुटलेल्या पिल्लाच्या स्वभावावरही परिणाम होतो. अमेरिकेत स्कॉट व फुलर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, कुत्र्याच्या सामाजिक जडणघडणीचा संवेदनशील काळ सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत असतो. इटलीतील संशोधकांनी २०११ मध्ये ३० ते ४० दिवसांत आणि दोन महिन्यांनी आईपासून वेगळ्या केलेल्या कुत्र्यांची तुलना केली. पहिल्या गटात भीती, अति भुंकणे व वस्तूंची नासधूस अधिक आढळली. घरात आणलेले कुत्रे चावरे निघाले म्हणून सोडून दिले जाते, त्याची सुरुवात अनेकदा येथे असते.

खानदेशचे वेगळेपण उन्हात आहे. मे महिन्यात जळगाव–भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश असते. त्याला घाम जवळजवळ येत नाही आणि धापा टाकून तोंडातील व नाकातील ओलावा उडवणे हाच त्याचा थंड होण्याचा मार्ग. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींत हा मार्गच अरुंद असतो. बंद खोलीतला पाण्याचा कूलर हवा दमट करतो, म्हणजे ओलावा उडणे आणखी मंदावते. खिडकी उघडी नसेल तर कूलरने फायद्याऐवजी तोटा होऊ शकतो. शरीराचे तापमान ४१ अंशांपुढे गेले की उष्माघात संभवतो. गाभण मादीत गर्भपाताचीही भीती असते. हस्कीसारख्या दाट दुहेरी केसांच्या जातीची पैदास या प्रदेशात करणे कोणत्याही निकषावर समर्थनीय दिसत नाही. चपट्या नाकाच्या काही जातींचे बाळंतपणही स्वाभाविक राहिलेले नाही. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बुलडॉग व फ्रेंच बुलडॉग यांची ८० टक्क्यांहून अधिक वेते शस्त्रक्रियेने झाल्याचे दिसले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांची घडण गाय, म्हैस, बैल व शेळ्या यांच्यासाठी झाली आहे. मध्यरात्री अडलेल्या कुत्रीचे सिझेरियन तेथे होईलच असे धरून चालता येत नाही. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिओसिस व बॅबेसिओसिस हे ताप उष्ण हवेत वर्षभर आढळतात. पिल्ले पेटीत घालून खासगी बसने पाठवण्याची रीत आहे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार कुत्र्याच्या प्रवासासाठी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला आवश्यक असतो.

कायद्याचा पाया १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध अधिनियम हा आहे. त्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड आहे. एका पिल्लाच्या किमतीपुढे ही रक्कम नगण्य होय. विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मधील २६१ व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकाने व श्वानपैदास यांच्या नियमनाची शिफारस केली. मे २०१७ मध्ये श्वानपैदास व विपणन नियम अधिसूचित झाले. त्यांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी १८ महिन्यांपेक्षा मोठी व आठ वर्षांपेक्षा लहान हवी. वर्षात एक व आयुष्यात पाचच वेते घ्यावीत. विकलेल्या कुत्र्यास मायक्रोचिप असावी. कान कातरणे व शेपूट छाटणे यांसही या नियमांत मनाई आहे, तरी डॉबरमनचे पिल्लू आजही बहुधा तुटक्या शेपटीचेच मागितले जाते. पैदासकाराच्या व्याख्येत माद्यांच्या संख्येची किमान मर्यादा नाही. तेव्हा एका मादीची पिल्ले विकणारे घरही नियमांच्या कक्षेत येते. प्रत्यक्ष तपासणी मात्र नोंदणी केलेल्यांचीच होऊ शकते. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटी अपेक्षित असली, तरी तिचे लक्ष स्वाभाविकपणे जनावरांच्या वाहतुकीकडे अधिक असते.

मार्च २०२४ मध्ये केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने २३ ‘आक्रमक’ जातींची पैदास व विक्री थांबवण्याबाबत राज्यांना पत्र पाठवले. रॉटवायलर त्यांत होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरवले. त्या पत्राचा रोख माणसाच्या सुरक्षिततेवर होता. मादीची वेते, पिल्लाचे वय किंवा उन्हाळा यांचा विचार त्यात नव्हता.