तहान, तलफ आणि विपश्यना: व्यसनमुक्तीत ध्यान आलं कुठून

व्यसनमुक्ती केंद्रात पेशंटला माइंडफुलनेसला, म्हणजे आत्ता मनात-शरीरात काय चाललंय ते शांतपणे बघत राहण्याच्या ध्यानाला, बसवतात म्हटलं की घरच्यांना वाटतं ही अमेरिकेतली काहीतरी नवीन थेरपी आहे. माझ्या मामीलाही तसंच वाटलेलं. मामी कळव्याची, दर रविवारी विहारात वंदनेला जाणारी, पंचशील तोंडपाठ, आणि त्यातलं पाचवं शीलच 'सुरामेरय मज्ज पमादट्ठाना वेरमणी', म्हणजे माणसाला बेसावध करणाऱ्या दारूपासून लांब राहीन. मामाही तिच्याबरोबर उभा राहून तेच म्हणायचा आणि तरी त्याची दारू पंधरा वर्षं सुटली नाही. तो खोटं म्हणत होता असं मला कधीच वाटलं नाही. काय करायचं नाही ते त्याला पक्कं माहीत होतं, पण तलफ आली की त्या दहा मिनिटांत स्वतःला धरायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात खरं तर शीलापासूनच होते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हाच्या 22 प्रतिज्ञांमध्ये 'मी दारू पिणार नाही' ही पण आहे, आणि ती लाखो लोकांनी एकत्र घेतली, त्यामुळे दारू सोडणं ही एकट्या माणसाची खासगी भानगड न राहता अख्ख्या समाजाच्या उभं राहण्याशी जोडली गेली. हे फार मोठं काम आहे आणि माइंडफुलनेसच्या इतिहासात त्याचा उल्लेखच नसतो याचं मला वाईट वाटतं.

आता 'कसं' चा भाग. बुद्धाच्या शिकवणीत दुःखाचं मूळ तण्हा, आणि आपली मराठीतली तहान त्याच शब्दातून आलीय. तण्हा कशातून येते, तर वेदनेतून. इथे वेदना म्हणजे दुखणं नाही, शरीरावर जे काही जाणवतं ते सगळं, बरं वाईट दोन्ही. जाणवलं की हवंसं वाटतं किंवा नकोसं वाटतं आणि माणूस त्याच्यामागे धावतो. विपश्यना नेमकी या दोघांच्या मधे काम करते, घसा कोरडा पडला, हात थरथरले, पोटात ओढ लागली तर ते नुसतं बघायचं, हलायचं नाही, आणि ते बदलतं हे स्वतः अनुभवायचं.

ही पद्धत भारतात परत आणली सत्यनारायण गोएंका यांनी, आणि त्यांची गोष्ट व्यसनाच्या अगदी जवळून जाते. ते ब्रह्मदेशात जन्मलेले, मोठे व्यापारी. भयंकर मायग्रेन, त्यासाठी मॉर्फिनची इंजेक्शनं, आणि आता याचंच व्यसन लागेल ही भीती. परदेशातल्या डॉक्टरांनाही दाखवून झालं, काही उपयोग नाही. शेवटी 1955 मध्ये ते रंगूनला विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, जे सरकारी खात्यात अकाउंटंट जनरल होते. नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असं त्यांनी आधी बजावलं. 1969 ला गोएंका मुंबईत आले, पहिलं शिबिर इथेच झालं, मग 1976 ला इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. 1975 ला जयपूरच्या आणि 1994 ला तिहारच्या जेलमध्येही शिबिरं झाली.

जेलचा हाच धागा पुढे अमेरिकेत गेला. 1997 ला सिएटलच्या एका जेलमध्ये दहा दिवसांचं शिबिर सुरू झालं आणि तिथल्या विद्यापीठातले व्यसनावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लेट यांनी त्या कैद्यांचा अभ्यास केला. सुटल्यावर तीन महिन्यांनी शिबिर केलेल्यांचं दारू-ड्रग्जचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कमी होतं, पण शिबिराला स्वतःहून आलेले लोक होते हेही लक्षात ठेवायला हवं. यातून, आणि अमेरिकेत जॉन कबॅट-झिन यांनी 1979 पासून चालवलेल्या आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस कोर्सवरून, रिलॅप्स, म्हणजे सोडलेलं व्यसन परत सुरू होणं, टाळण्याचा माइंडफुलनेस प्रोग्राम तयार झाला. 2014 ला 286 लोकांचे तीन गट करून केलेला अभ्यास छापून आला, त्यात वर्षभरानंतर या प्रोग्रामवाल्यांचे नशेचे दिवस बाकी दोन्ही गटांपेक्षा कमी होते. तलफेच्या लाटेवर तरंगायचं, ती ओसरते, ही मार्लेट यांची उपमा आज समुपदेशक सर्रास वापरतात.

म्हणजे मामी ज्याला अमेरिकेचं म्हणत होती ते रंगून, मुंबई, इगतपुरी, सिएटल असं फिरून परत आपल्याकडे आलंय. बेलापूरला पारसिक हिलवर धम्म विपुल हे विपश्यना केंद्र आहे, खडवलीला धम्म सरिता. ट्रेनने जाता येतं.

पण एक गोष्ट कळकळीने सांगते, रोज पिणाऱ्या माणसाला एकदम दारू तोडून थेट शिबिरात पाठवू नका, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. मामाचंही आधी हॉस्पिटलमध्ये डिटॉक्स झालं, मग व्यसनमुक्ती केंद्र, मग एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा, आणि वर्षभर सोबर राहिल्यावर बेलापूरचं दहा दिवसांचं शिबिर. अकराव्या दिवशी सकाळी टेकडी उतरता उतरता त्याने मामीला फोन केला आणि कसा आहेस वगैरे काही न विचारता सांगायला लागला की पाचव्या दिवशी संध्याकाळी जोरात तलफ आली होती, घशात सुरू झाली, मग छातीत, मग दोन्ही हातांत, मी बसूनच होतो, आणि जेवायच्या... नाही, तिथे रात्रीचं जेवण नसतं, प्रवचनाची घंटा होईपर्यंत गेली.