व्हायरल लोड कमी, तरी एड्स तितक्याच लवकर

एचआयव्हीच्या रिपोर्टमध्ये व्हायरल लोड कमी आला की पेशंटचा जीव भांड्यात पडतो, कारण रक्तात व्हायरस जितका कमी तितका आजार हळू पुढे सरकणार हा साधा हिशोब. हिशोब खोटा नाहीये, पण बाईचा आकडा पुरुषाच्या मापाने मोजला की फसतो.

अमेरिकेत बाल्टिमोरला इंजेक्शनने ड्रग्ज घेणाऱ्यांवर १९८८ पासून अभ्यास चालू होता. त्यातल्या १५६ पुरुषांना आणि ४६ बायकांना अभ्यास चालू असतानाच लागण झाली, म्हणजे लागण साधारण कधीची ते माहीत आणि रक्ताचे नमुने अगदी सुरुवातीपासूनचे हाताशी, असं सहसा मिळत नाही. २००१ मध्ये निकाल छापून आला. सुरुवातीचा व्हायरल लोड (मिलिलिटरमागे व्हायरसच्या कॉपीज, मीडियन म्हणजे मधोमधचा आकडा) पुरुषांचा ५०,७६६ आणि बायकांचा १५,१०३, सीडी-फोर पेशी (एचआयव्ही ज्या मारतो त्या इम्युनिटीच्या पेशी) मात्र दोघांच्या जवळपास सारख्याच. मग एवढा कमी व्हायरस असताना बायकांना एड्स उशिरा व्हायला हवा होता ना? नाही झाला, वेग साधारण तोच. पुढे ज्यांना एड्स झाला त्या पुरुषांचा सुरुवातीचा आकडा होता ७७,८२२ आणि बायकांचा फक्त १७,१४९!

त्यात त्या काळी औषधं सुरू करायला २० हजारांची रेघ मारलेली. त्या रेघेने पहिल्या तपासणीला ७४ टक्के पुरुष औषधाला पात्र ठरले असते, बायका ३७ टक्के. आजार सारखाच आणि थांबायचं मात्र बाईने.

असं का होतं? व्हायरसचा आरएनए (त्याचा जेनेटिक मजकूर) ओळखणारा टीएलआर-सेव्हन नावाचा सेन्सर असतो, त्याचा जीन एक्स क्रोमोसोमवर आहे. बायकांचा दुसरा एक्स बहुतेक बंद असतो, पण हा जीन काही पेशींत तिथूनही चालू राहतो. एचआयव्ही दिसला की बायकांच्या ठराविक पेशी इंटरफेरॉन (व्हायरसशी लढायचा इशारा देणारं प्रोटीन) जास्त सोडतात हे २००९ मध्ये दिसलं, इस्ट्रोजेनचाही त्यात हात आहेच. सुरुवातीला याने व्हायरस दबतो, पण नंतर तीच इम्युनिटी वर्षानुवर्षं तापलेली राहते आणि तेवढ्याच व्हायरसमागे बाईचं शरीर जास्त झिजतं. दुधारी प्रकार आहे सगळा.

आता भारतात २०१७ पासून पॉझिटिव्ह आलं की आकडा न बघता एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू करायचं धोरण आहे, त्यामुळे ती रेघ पुसली गेली. एचआयव्ही मुळापासून काढायच्या ट्रायल्समध्ये मात्र अजूनही पुरुषांचीच भरती जास्त, आणि पेशींत लपलेल्या व्हायरसला इस्ट्रोजेन झोपवून ठेवतं हे २०१८ मध्ये कळूनसुद्धा!