ट्रंक कॉल आणि एसटीडी: फोन कोणाच्या घरी खणखणायचा?

जुन्या आठवणींच्या लेखांत एक वाक्य हमखास असतं: ‘एसटीडी लावून आम्ही तीन-तीन तास वाट बघायचो.’ मालिकांमध्येही साठच्या दशकातली आजी खुशाल पिवळ्या बोर्डाच्या एसटीडी बूथमध्ये उभी असते. हे वाचून आणि पाहून आजच्या मुलांची समजूत होते की मोबाइलच्या आधी ‘जुना फोन’ नावाची एकच गोष्ट होती. मला हे खरोखर खटकतं. ती तासन्‌तास वाट ट्रंक कॉलची, म्हणजे ऑपरेटरकडून जोडून घ्यायच्या परगावच्या फोनची होती, आणि तीच संपवायला एसटीडी, म्हणजे परगावचा नंबर स्वतःच फिरवायची सोय आली.

एसटीडी बहुतेकांना आठवतो. शून्य, गावाचा कोड, मग नंबर. मुंबई ०२२, नागपूर ०७१२, कोल्हापूर ०२३१, आणि पुणे तेव्हा ०२१२. काचेची केबिन, मीटरवरचे लाल आकडे, शेवटी हातात येणारी छापील पावती. भारतात ही सोय पहिल्यांदा १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाली, पण तालुक्याच्या गावांपर्यंत पोचायला कित्येक वर्षं गेली. गोंधळाचं मूळ इथेच आहे. एकाच वर्षी मुंबईतलं मूल स्वतः कोड फिरवत होतं आणि आडगावातलं मूल एक्स्चेंजच्या, म्हणजे लाइन जोडून देणाऱ्या टेलिफोन केंद्राच्या, फोनची वाट बघत होतं. दोघांच्याही आठवणी खऱ्या, फक्त त्या एकाच गोष्टीच्या नाहीत.

आता मुख्य फरक. ट्रंक कॉल तुम्ही लावत नव्हता, तुम्ही तो ‘बुक’ करायचात. शहरात १८० फिरवायचा. लहान गावात रिसीव्हर उचलला की थेट ऑपरेटरच बोलायचा. त्याला गाव सांगायचं, नंबर सांगायचा, आपला नंबर सांगायचा, आणि ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग तेही सांगायचं. अर्जंट महाग, लाइटनिंग त्याहून कितीतरी महाग. मग फोन ठेवून द्यायचा. हो, ठेवून द्यायचा! तिकडे ऑपरेटर आपला नंबर रांगेत लावायचा, मधल्या एक्स्चेंजांकडून लाइन मागायचा, आणि ती मिळाली की फोन तुमच्याच घरी खणखणायचा. एसटीडीत असं कधीच होत नाही. तिथे घंटी वाजते ती पलीकडच्याकडे. कुणाची आठवण कोणत्या फोनची आहे हे ठरवायला एवढी एकच खूण पुरते.

‘पण एसटीडीलाही वाट बघावी लागायचीच की,’ असं कुणीतरी म्हणतंच. लागायची, पण ती वेगळी. ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ हे ऐकून पुन्हा पुन्हा नंबर फिरवत बसायचं, किंवा दर उतरावेत म्हणून रात्री अकरानंतर बूथबाहेर रांग लावायची. दोन्हींत तुम्ही स्वतः काहीतरी करत असता, आणि कंटाळा आला तर घरी जाऊ शकता. ट्रंक कॉल बुक केल्यावर मात्र सगळं घर फोनला बांधलं जायचं. अंगणात खेळणाऱ्या पोरांना लांब जायची बंदी, रेडिओचा आवाज कमी, आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं की आज फोन मागायला येऊ नका. मुलांच्या लेखी हा मोठा फरक होता.

पैशांचा हिशोबही वेगळा, आणि बोलण्याची तऱ्हा त्यातूनच ठरायची. ट्रंक कॉलचा किमान आकार तीन मिनिटांचा. मधेच ऑपरेटर सांगायचा की तीन मिनिटं झाली, वाढवायचं का? त्यामुळे आधी ठरवून ठेवलेलं असायचं: बाबा पहिल्यांदा, मग आई, मुलांनी फक्त ‘आजी, नमस्कार करतो’ एवढंच म्हणायचं, तेही ओरडून. एसटीडीत आकार पल्सप्रमाणे, म्हणजे मीटरवर पडणाऱ्या एकेका टप्प्याप्रमाणे चढायचा. अंतर जास्त तर पल्स भराभर पडायचे. म्हणून नजर मीटरवर आणि बोलणं कधीही तुटेल असं. रिसीव्हर दुसऱ्याच्या हाती देतानाचे चार सेकंदसुद्धा मोजले जायचे.

याहून जास्त घोळ होतो तो ‘पी. पी.’चा. ट्रंक कॉलमध्ये पी. पी. म्हणजे अमुक एका माणसाशीच बोलायचं आहे असं ऑपरेटरला सांगणं. तो माणूस फोनवर आल्यावरच वेळ मोजायला सुरुवात व्हायची. व्हिजिटिंग कार्डावर आणि लग्नपत्रिकेत नंबरापुढे कंसात लिहिलेलं पी. पी. म्हणजे ‘हा नंबर शेजाऱ्यांचा आहे, आम्हाला बोलावून घ्या’. एसटीडी आल्यावर हा शेजारचा फोन महागात पडायला लागला, कारण शेजाऱ्यांनी रिसीव्हर उचलताक्षणी मीटर सुरू. म्हणून लोक घाईघाईने सांगायचे, ‘दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना बोलवा, मी दहा मिनिटांनी परत करतो,’ आणि ठेवून द्यायचे. जिन्यावरून धावत जाऊन ‘काकू, तुमचा फोन येतोय!’ असं ओरडणं हे चाळीतल्या आणि वाड्यातल्या पोरांचं ठरलेलं काम, ते मुख्यतः या एसटीडीच्या काळातलं. ट्रंक कॉलमध्ये ‘येतोय’ हा निरोप द्यायला ऑपरेटर होता.

फोन गोल तबकडीचा की बटणांचा, यावरून काहीही ठरत नाही. तबकडीवरूनही एसटीडी लागायचा. उलट तबकडीच्या भोकात अडकवलेलं ते छोटं कुलूप एसटीडीच्याच धास्तीने घराघरांत पक्कं बसलं. ट्रंक कॉल करायचा तर ऑपरेटरशी बोलावं लागे, त्यामुळे तो नकळत लागणं शक्य नव्हतं; एसटीडी मात्र घरातलं कुणीही, कधीही फिरवू शकत होतं. कुलूप असूनही रिसीव्हरखालचं बटण आकड्याइतक्या वेळा टपटप दाबून नंबर लावता येतो, हे बऱ्याच मुलांनी शोधून काढलं होतं. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आले, गुप्त आकड्याने एसटीडी बंद करायची सोय आली, आणि ही युक्ती संपली.

आणि किराणा दुकानाबाहेरचा तो फोनचा लाल डबा, एक रुपयाचं नाणं टाकायचा, तो या दोन्हींपैकी नव्हे. तो गावातल्या गावात बोलण्यासाठी.