फॉरमॅट मारणे

फॉरमॅट मारणे : संगणकाची सी ड्राइव्ह (हार्ड डिस्कचा मुख्य भाग) पुसून तिच्यावर कार्यप्रणाली, बहुधा विंडोज, नव्याने टाकणे आणि मग लागणारी सगळी सॉफ्टवेअरे एकेक करून परत बसवणे. बोलण्यात ‘विंडो मारणे’, ‘विंडो टाकणे’ असेही म्हणतात. खरे तर डिस्क फॉरमॅट व्हायला काही मिनिटेच लागतात. बाजारात मात्र हा शब्द उच्चारला की पुढचा दिवसभराचा खटाटोप त्यातच धरलेला असतो. संगणक हँग होतो, चालू व्हायला दहा मिनिटे घेतो, प्रिंटर ओळखत नाही, व्हायरस शिरला : कोणतीही तक्रार घेऊन गेले तरी दुरुस्तीवाल्याकडे शेवटी हाच उतारा असतो. प्रस्तुत नोंद सोलापूरच्या डीटीपी (संगणकावर छपाईची जुळणी) आणि डिझाइनच्या दुकानांतील वापराला धरून आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांचे काम एकाच टेबलावर येणाऱ्या या शहरात फॉरमॅट फार महागात पडतो.

ही पाळी येते ती विंडोजच्या घडणीमुळे. प्रत्येक सॉफ्टवेअर आपापला इन्स्टॉलर घेऊन येते, फायली निरनिराळ्या फोल्डरांत पसरते आणि रजिस्ट्री नावाच्या मध्यवर्ती नोंदवहीत भर घालते. विंडोज 95 पासून साऱ्या कारभाराचा भार या नोंदवहीवर आहे. सॉफ्टवेअर काढून टाकले तरी त्याचे अवशेष मागे राहतात. दोन सॉफ्टवेअरे एकच सामायिक डीएलएल फाइल वापरत असतील, तर एकाने तिची दुसरी आवृत्ती बसवली की दुसरे बंद पडे. संगणकवाले याला ‘डीएलएल हेल’ म्हणत. लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीच्या डेबियन वितरणात 1999 पासून सॉफ्टवेअरे (तेथे त्यांना पॅकेज म्हणतात) बसवणारे-काढणारे ‘एपीटी’ हे साधन आहे. कोणती फाइल कोणत्या पॅकेजची आणि कोणते पॅकेज कशावर अवलंबून, याचा हिशेब तेथे एकाच ठिकाणी राहतो. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचे अशा धर्तीचे साधन, ‘विंगेट’ 1.0, आले ते 2021 मध्ये. मधल्या काळात ज्या कारागिराला बिघाड नेमका कुठे आहे हे कळण्याचा मार्गच नव्हता, त्याने सगळे पुसून पुन्हा मांडले, तर त्याला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

काम सुरू करण्यापूर्वी दुरुस्तीवाला विचारतो, ‘डेटा डी ला आहे ना?’ डी म्हणजे डिस्कचा दुसरा, न पुसला जाणारा भाग. मालक होकार देतो आणि बहुतेक नुकसान त्या होकारातूनच होते. डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स सी ड्राइव्हवरच असतात, हे पडद्यावर कुठेच ठळक दिसत नाही. डोळ्यांसमोर ठेवलेली फाइल सर्वांत सुरक्षित, असे माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात फॉरमॅटमध्ये तीच आधी जाते. हा दोष वापरणाऱ्याचा नाही, मांडणीचा आहे.

सोलापुरात याहून मोठा घोर फॉन्टचा. लग्नसराईत पूर्व भागातील पद्मशाली घरांची पत्रिका तेलुगूत येते, अक्कलकोटकडून कन्नड, शहरातून मराठी आणि उर्दू. यातले बरेचसे काम अजून पेजमेकर या पान जुळवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर होते. पेजमेकरची 7.0 ही शेवटची आवृत्ती 2001 ची आणि तिला युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, कळत नाही. त्यामुळे प्रत्येक भाषेसाठी जुन्या पद्धतीचे फॉन्ट लागतात. त्यांत त्या त्या लिपीची अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट गेला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल शाबूत असते, वाचता मात्र येत नाही. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात, म्हणून नंतर मिळवलेला फॉन्ट जुन्या फाइलला लागेलच असे नाही. ‘फॉन्टचं फोल्डर घेतलं का बघा की ओ,’ ही विनवणी म्हणूनच फॉरमॅटच्या आधी कळकळीने होते.

युनिकोडच्या वाटेवरही खड्डे होते. विंडोज एक्सपीत मराठी आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडून एका चौकोनात खूण करावी लागे आणि मग संगणक एक्सपीची मूळ सीडी मागे. सीडी दुरुस्तीवाल्याकडे, दुरुस्तीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे आणि तोवर पडद्यावर काने, मात्रा, वेलांट्या सुटलेल्या. व्हिस्टापासून (2007) ही खूण करावी लागत नाही.

सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर निघते. जोसेफ मारी जकार्ड याने 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या या यंत्रात छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो. संगणकाच्या पंचकार्डांचा उगम याच कल्पनेत आहे. पुठ्ठ्यांची माळ उंदरांपासून आणि ओलीपासून जपली, तर त्याच बनावटीच्या जकार्डवर कित्येक वर्षांनीही तीच नक्षी उतरते. डिझाइन संगणकावर गेल्यावर नक्षी फाइलमध्ये शिरली. फाइल उघडणारे सॉफ्टवेअर बहुधा लॉकवर चालते. लॉक म्हणजे मागच्या पोर्टला लावायची डबी. लॉकला ड्रायव्हर (यंत्राची विंडोजशी ओळख करून देणारे छोटे सॉफ्टवेअर) हवा आणि ड्रायव्हर विंडोजच्या आवृत्तीला बांधलेला. 32 बिटचा ड्रायव्हर 64 बिटच्या विंडोजवर बसत नाही, आणि जुने लॉक ज्याला लागते तो पॅरलल पोर्ट तर नव्या मदरबोर्डांवर सहसा नसतोच. फॉरमॅट मारताना ‘नवीन विंडो टाकून देतो’ असे कोणी सहज म्हटले की ही सगळी साखळी एका दिवसात तुटते.

नव्या आवृत्तीबरोबर हाताची सवयही मोडते. विंडोज 8 मध्ये (2012) स्टार्ट बटण काढले, 2013 मध्ये 8.1 ला परत दिले. विंडोज 11 मध्ये (2021) ते पट्टीच्या मध्याकडे सरकले, उजव्या क्लिकचा मेनू आखडला आणि रोजची कामे ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे गेली. प्रिंटरची काही सेटिंग कंट्रोल पॅनेलमध्ये, काही सेटिंग्जमध्ये. लिनक्सकडेही 2011 मध्ये ग्नोम 3 या डेस्कटॉपने अशीच मांडणी उलटवली. तेथे निदान नाराजांना जुन्या वळणाचा माटे (MATE) हा डेस्कटॉप वापरण्याची मुभा राहिली. विणकराच्या मागाची पावडी कोणी रातोरात दुसऱ्या बाजूला लावत नाही. पत्रिका लावणाऱ्या बाईंचा हातही तितक्याच वर्षांच्या सरावाने बसलेला असतो आणि बदलाआधी त्यांना कोणी विचारलेले नसते.

एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती 8 एप्रिल 2014 रोजी थांबली, विंडोज 7 ची 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10 ची सर्वसाधारण मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागते, त्यामुळे चांगले चालणारे अनेक संगणक अधिकृतपणे बाद ठरतात. यावर दुकानांत दोन संगणकांची सोय केलेली दिसते : जुना इंटरनेटपासून तोडून पेजमेकर आणि लॉकसाठी, नवा मेल आणि जीएसटीसाठी. मध्ये पेनड्राइव्ह फिरतो, आणि व्हायरसही त्याच वाटेने येतो. याहून भरवशाची रीत म्हणजे सगळे फॉन्ट, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर बसवून झाल्यावर, गिऱ्हाइकाचे पहिले काम घेण्याआधी, सी ड्राइव्हची पूर्ण प्रतिमा (इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल) बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवणे. ती असली की पुढच्या वेळी दिवसाचे काम तासाभरात उरकते.